भंगारातलं घडीचं टेबल : प्रत्येक सोसायटीकडे एक हवंच



1 जून ते 31 जुलै, बंदीचे 61 दिवस. होड्या वर ओढल्या की वेल्डिंगची कामं एकदम निघतात. सुकाणूचा पत्रा, नांगराची फाळं, गाड्याचे अँगल. काम मात्र बहुतेक ठिकाणी ओल्या जमिनीवर उकिडवं बसून चालतं. टेकूची वीट सरकली की जोड वाकडा. पायाखाली ओल आणि हातात होल्डर, हा तर जिवाशी खेळ. हे थांबायला पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उपाय महाग नाही. हुबळीत रेल्वेचा कारखाना आहे, गोकुळ रोड आणि तारिहाळला औद्योगिक वसाहती आहेत. लोखंडात मुरलेले हात तिथे कमी नाहीत. नवनगरात आपली जी मंडळी फॅब्रिकेशन करतात, त्यांना आमची विनंती आहे : भंगारातून घडीचं टेबल बनवा. नवनगरसारख्या वसाहतीत दारापुढे कायमचं टेबल मांडायला जागा कुठली? घडीचं असेल तर काम संपलं की भिंतीला उभं. आणि टेम्पोत टाकलं की अरबैल घाट उतरून अंकोल्याच्या किनाऱ्यावरही पोचतं.

माप साधं ठेवा. वर 900 बाय 600 मिलिमीटरची, 6 मिलिमीटर जाडीची सपाट प्लेट. ती एकटीच 25 किलोच्या आसपास भरते, म्हणून उचलायला दोघे लागतील. पाय 40 मिलिमीटरच्या अँगलचे, उंची कमरेएवढी. पायांना 12 मिलिमीटरचे बोल्ट आणि उघडल्यावर अडकवायला खीळ. खीळ नसेल तर टेबल करूच नका. भर कामात पाय मिटला तर तापलेलं लोखंड थेट पायावर येतं. आधी सगळीकडे टाके मारा, कर्ण मोजा, मग आलटून पालटून जोड भरा. एका बाजूने सलग रॉड ओढलात तर प्लेट वाकलीच म्हणून समजा.

भंगार निवडताना डोळे उघडे हवेत. जस्ताचा मुलामा असलेला पाइप तसाच जाळला तर पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडीताप भरतो. जोडाच्या जागचा मुलामा आधी घासून काढा, तोंडाला मास्क लावा. गाडीचे पाटे कणखर दिसतात, पण साध्या रॉडने जोडले तर जोडाजवळ तडकतात. जुनी डिझेलची टाकी, बंद पिंप, शॉकअॅब्सॉर्बर यांना हात लावू नका. आत उरलेली वाफ किंवा दाब स्फोट करतो.

कोणी म्हणेल, इतकी वर्षं जमिनीवर चाललंय की! चाललंय खरं, पण पाठ कोणाची गेली, डोळे कोणाचे गेले, तेही मोजा ना. टेबल आलं म्हणून ओलीचा धोका संपत नाही. कोरडी फळी आणि रबरी बूट लागतीलच. पण माणूस ताठ उभा राहतो, हात स्थिर राहतो, जोड सरळ बसतो.

आमचं म्हणणं एवढंच : हे टेबल सोसायटीच्या मालकीचं असावं. एकट्याने केलं तर ते त्याच्याच अंगणात गंजणार. सोसायटीचं असेल तर वहीत नाव लिहून ज्याला लागेल तो नेईल. पुढच्या सभेत हा विषय घ्या. बंदी लागायच्या आत टेबल तयार पाहिजे, होड्या वर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.