आपली जमीन, त्यांचे छत

दिवाळी आली की घराघरांतून नव्या खरेदीची यादी निघते. पूर्वी तीत शिवणाचे यंत्र किंवा भिंतीवरचे घड्याळ असे. हल्ली काचेची मोठी पेटी आणि तीत रंगीत मासे, हेही असते. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून मासे नुसते पाहण्यासाठीही असतात हे मुंबईकरांना पटलेले आहे. माझी त्याला मुळीच हरकत नाही. मात्र जन्मभर मी इमारतींच्या खांब-तुळयांचे हिशेब करून पोट भरले. त्यामुळे इतर लोक माशांचा रंग विचारतात तेव्हा मी मजला विचारतो.

यंदा हा बेत माझ्या पुतण्याच्या घरी निघाला. बिऱ्हाड दादरला, तिसऱ्या मजल्यावर. इमारत पन्नाशी उलटलेली. पेटी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच.

"काका, पाणीच तर आहे! त्याला असे कितीसे वजन असणार?" तो म्हणाला.

मी कागद-पेन्सिल मागितली. पेटीत १२ घनफूट जागा. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, म्हणजे काठोकाठ ३४० लिटर; आणि लिटरभर पाण्याचे वजन किलोभर. जाड काच ६०-७० किलो, वाळू-दगड चाळीसेक किलो, खालचे स्टँड तेवढेच. बेरीज ५०० किलोंच्या घरात गेली. पाच क्विंटल गहू सहा चौरस फुटांत रचून ठेवावा, तसा हा प्रकार!

सूनबाई हुशार. त्या म्हणाल्या, "काका, हळदीकुंकवाला आमच्याकडे वीस बायका येतात. तेव्हा नाही ती जमीन खचत?"

शंका रास्त होती. पण बायका खोलीभर पसरून बसतात आणि वाण घेऊन आपापल्या घरी जातात. पेटी एका जागी बसते ती वर्षानुवर्षे उठत नाही. काँक्रीटची खोड अशी, की कायमच्या ओझ्याखाली ते हळूहळू थोडे थोडे वाकत राहते.

भारतीय मानक ८७५, भाग २ (१९८७) राहत्या घराच्या खोलीला दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरायला सांगते. चौरस फुटाला हे साडेअठरा किलो होतात. आमच्या पेटीचा भार पडत होता चौरस फुटाला त्र्याऐंशी किलो! याचा अर्थ पेटी ठेवताक्षणीच जमीन कोसळेल असा नव्हे. धडधाकट स्लॅब एका जागचा भार आजूबाजूला वाटून घेतो. पण तो कुठे ठेवता यावर सारे अवलंबून. खोलीच्या मधोमध ठेवलेले ओझे स्लॅबला सर्वांत जास्त वाकवते. भिंतीलगत, खाली तुळई असेल तिथे, खांबाजवळ ठेवले तर पुष्कळच कमी. बाल्कनी एकाच बाजूने धरलेली असते, तिच्यावर पेटी ठेवण्याचा विचारही नको. स्टँडला चार पाय असतील तर खाली जाड फळी घालावी, म्हणजे चार टोकांवर टोचणारे वजन जरा पसरते.

जुन्या वाड्यात कडीपाटाची माडी असेल, तर पेटी कड्यांना आडवी आणि भार घेणाऱ्या भिंतीजवळ ठेवावी. मग ओझे चार-पाच कड्या वाटून घेतात. नाहीतर ते एकीदोघींच्याच मानेवर बसते. मात्र आधी भिंतीत शिरलेली कड्यांची टोके तपासावीत. वाळवी आणि ओल यांना तीच जागा आवडते.

आता गंमत अशी, की आपल्या फरशीवर उभे राहून खालची तुळई दिसत नाही. ती दिसते खालच्यांच्या घरी. म्हणून मी पुतण्याला घेऊन एक जिना उतरलो.

दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्याच राहतात. त्यांनी पाणी दिले, बसा म्हणाल्या. मी वर पाहिले. पेटीच्या ठरल्या जागेच्या बरोबर खाली छताचा थाळीएवढा पोपडा निघून गंजलेली सळई उघडी पडली होती. खाट दुसऱ्या कोपऱ्यात होती.

"दोन पावसाळे झाले. थोडे थोडे पडते," आजी म्हणाल्या. "मी खाट सरकवून घेतली. वर मुलेबाळे राहतात, त्यांना उगाच घोर कशाला?"

पुतण्या काही बोलला नाही. सळई गंजली की फुगते आणि फुगली की भोवतालचे काँक्रीट फोडते. गंजाने ती बारीकही होते. अशा स्लॅबला पुस्तकातले आकडे लागू पडत नाहीत. तिथे रीतसर स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना अशी तपासणी कायद्याने सक्तीचीही आहे. सोसायटीने इंजिनिअर बोलावला आणि दुरुस्ती झाली. पेटीसाठी जमवलेल्या पैशांतूनच पुतण्याने आपला वाटा दिला.

आता त्याच्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी आहे. पाणी फार तर ५७ लिटर, आणि सगळे मिळून एखाद्या धिप्पाड पाहुण्याएवढे वजन. इंजिनिअरला विचारून ती तुळईवर, भिंतीला लागून ठेवली आहे. मासे सहाच आहेत, पण तेही मजेत आहेत.

तेव्हा वाचकहो, मोठी पेटी घेण्याचे मनात असेल तर आधी खालच्या बिऱ्हाडी जाऊन या. दिवाळीचे दिवस आहेत, फराळाचे ताट घेऊन जायला निमित्तही शोधावे लागणार नाही. चकली कशी झाली ते विचारा, आणि तेवढ्यात एकदा मान वर करून छताकडे बघा. आपल्या जमिनीची प्रकृती तिथेच कळते.