वेमुल बेटावरचा सूर्य

सत्ता टिकविण्यास राज्यकर्त्याला केवळ सैन्य आणि पोलीस पुरत नाहीत. लोकांपुढे धरण्यासाठी एखादे भव्य स्वप्नही त्याला लागते. विसाव्या शतकात हे स्वप्न पुरविण्याचे काम पुष्कळदा विज्ञानाकडे आले. पूर्वीचे राजे विजयस्तंभ उभारीत. आधुनिक सत्ताधीश अणुभट्टीशेजारी किंवा क्षेपणास्त्राशेजारी उभा राहतो. या व्यवहारात विज्ञानाची काय गत होते, हे अर्जेन्टिनातील एका प्रकरणावरून चांगले उमजते.

२४ मार्च १९५१ रोजी राष्ट्राध्यक्ष हुआन पेरॉन यांनी वार्ताहरांना बोलावून जाहीर केले की, वेमुल बेटावरील प्रयोगशाळेत अणुसंमीलनाची क्रिया नियंत्रित स्वरूपात घडवून आणण्यात यश आले आहे. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे अणुगर्भ एकत्र येऊन हेलियम बनतो आणि अपार ऊर्जा बाहेर पडते. ती क्रिया पृथ्वीवर काबूत आणणे तोवर अमेरिकेला किंवा रशियालाही साधले नव्हते. ज्या बेटावर ती साधली म्हणून सांगण्यात आले, ते अँडीज पर्वताच्या कुशीत, बारिलोचे गावाजवळील नाहुएल वापी सरोवरात आहे. तेथील प्रमुख रोनाल्ड रिख्टर हे १९४८ साली अर्जेन्टिनात आले होते. पेरॉन यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली ती जर्मन विमानतज्ज्ञ कुर्ट टांक यांनी. याच टांक यांनी पुढे भारतात येऊन बंगलोर येथे 'मरुत' या लढाऊ विमानाची रचना केली, आणि १९६१ साली ते विमान आकाशात झेपावले. म्हणजे सत्ताधीशाच्या आश्रयाला आलेला प्रत्येक तंत्रज्ञ भोंदू असतो, असे मुळीच नव्हे. मग खरा कोण आणि खोटा कोण, हे ठरवावयाचे कोणी?

पेरॉन यांच्या अर्जेन्टिनात नेमके हेच ठरविणारे कोणी उरले नव्हते. 'ला प्रेन्सा' हे विरोधी मताचे प्रमुख दैनिक त्याच वर्षी जानेवारीत बंद पडले होते, आणि एप्रिलमध्ये कायदा करून ते मालकांच्या हातून काढून घेण्यात आले. नोव्हेंबरमध्ये निवडणूक व्हावयाची होती. ती पेरॉन यांनी मोठ्या बहुमताने जिंकली. केवळ मतांसाठी त्यांनी ही घोषणा केली असे म्हणणे अन्यायाचे होईल; रिख्टर यांच्यावर त्यांचा विश्वासच बसला होता. परंतु बेटावर लष्कराचा पहारा होता आणि कामावर गुप्ततेचा पडदा होता. अशा स्थितीत शंका विचारणे म्हणजे राष्ट्राच्या प्रतिष्ठेला धक्का लावणे ठरते. ज्याला प्रश्न विचारण्याची कोणाची छाती होत नाही, तो पुढारी अखेर स्वतःच फसतो.

वस्तुतः शंका घेण्यास भरपूर जागा होती. संमीलनातून पृथ्वीवर ऊर्जा मिळवावयाची तर सुमारे दहा कोटी अंशांचे तपमान हवे. रिख्टर यांच्या विद्युत्‌ज्योतीचे तपमान त्याच्या जवळपासही पोचणे शक्य नव्हते. अखेर १९५२ साली सरकारनेच तपासणी समिती नेमली. तीत होसे आन्तोनिओ बाल्सेइरो हे तरुण पदार्थवैज्ञानिक होते. त्यांना इंग्लंडमधील अभ्यास सोडून परत यावे लागले. समितीच्या सदस्यांनी स्वतःची उपकरणे बरोबर नेली. प्रयोग त्यांच्या डोळ्यांदेखत झाला, पण अणुक्रियेतून निघावयास हवा तो किरणोत्सर्ग त्यांच्या उपकरणांना आढळला नाही. नोव्हेंबर १९५२ मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला. भव्य घोषणेला उत्तर मिळाले ते एका साध्या मापनाने. १९५५ साली बारिलोचे येथे बाल्सेइरो यांच्या नेतृत्वाखाली पदार्थविज्ञानाची संस्था निघाली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

कोणी म्हणेल की, राज्यसत्तेच्या पाठबळाशिवाय मोठे प्रकल्प उभेच राहत नाहीत. हे खरे आहे, आणि आमचा आक्षेप पाठबळाला नाही. अमेरिकेतील लिव्हरमोरची प्रयोगशाळा अण्वस्त्रांच्या कामासाठीच उभारलेली. तेथे डिसेंबर २०२२ मध्ये संमीलनाचा प्रयोग यशस्वी झाला, तेव्हा राज्यकर्ते श्रेय घेण्यास पुढे आलेच. परंतु आकडेही लोकांपुढे आले: लेसरकिरणांनी लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली, ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली, आणि ते लेसर चालविण्यास सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली. विजेचे कारखाने अजून दूर आहेत, हे शाळेतील मुलालाही या वजाबाकीवरून कळते.

विज्ञानविषयक मजकुराचा अनुवाद करताना प्रस्तुत लेखकाला क्रियापदाच्या काळाकडे फार लक्ष द्यावे लागते. 'होईल', 'होत आहे' आणि 'झाले' यांतील अंतर वैज्ञानिक जपतो. राज्यकर्त्याला मात्र ते पुसून टाकण्याचा मोह होतो. म्हणून कोणत्याही देशातील, आपल्याही देशातील, मोठ्या प्रकल्पाची वार्ता वाचताना वाचकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. हे झाले आहे की होणार आहे? ते मोजले कोणी? आणि मोजणारा हा घोषणा करणाऱ्याच्या हुकमतीबाहेरचा आहे काय? हे प्रश्न विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे. ते वेळीच विचारले गेले असते, तर वेमुल बेटावर आज केवळ भग्नावशेष उरले नसते.