चेहरा कुणाचा?

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकार पॉल सेझान याने पत्नी ओर्तांस हिला समोर बसवून तिची सुमारे 29 तैलचित्रे रंगविली. ओठ मिटलेले, नजर परकी. पण ती तीच, याविषयी शंका नाही.

वेल्हे तालुक्यातील (आता त्याचेही नाव राजगड) राजगडाची गोष्ट निराळी. तेथे 5 सप्टेंबर 1659 रोजी सईबाईंनी देह ठेवला. शंभूराजे तेव्हा अवघे दोन वर्षांचे. सईबाईंचे एकही समकालीन चित्र उपलब्ध नाही. तरीही कॅलेंडरांवर, फलकांवर त्यांचा गोरापान चेहरा झळकतो, जणू चित्रकाराने कालच त्यांना पाहिले!

श्रद्धेने काढले, त्यात बिघडले काय, असे आम्हांस विचारले जाते. श्रद्धेला आमचा विरोध कसा असेल? पवित्र मरियेचेही समकालीन चित्र नाही आणि तिच्या तसबिरी आपल्या घराघरांत आहेत. मात्र त्यांना कोणी इतिहासाचा पुरावा मानीत नाही. सईबाईंचे कल्पित चित्र मुले खरे समजून वहीत चिकटवितात, आणि आजाराने ऐन तारुण्यात गेलेली ती आई त्या टवटवीत चेहऱ्यामागे पुसली जाते. चित्राखाली 'काल्पनिक' एवढा एक शब्द छापायला शाई ती किती लागते?