चिल्ला संपतो, बाळंतपण संपत नाही

आमच्याकडे बाळंतिणीचा चिल्ला पाळतात. चाळीस दिवस मालिश, शेक, हरीरा. सेवेत कसूर नसते. सरकारी नियमानुसार आशाताईंनीही ४२ दिवसांत सहा वेळा घरी येऊन बाळाचं वजन, ताप पाहायचा असतो. पण "तिथं तुझ्यावर काय गुदरलं?" हे सहसा कोणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. मोठ्या मुलीच्या वेळी कल्याणला बायकोचा रक्तस्राव थांबेना. मी फॉर्मवर सही केली आणि रक्ताची पिशवी आणायला रिक्षाने धावलो. दोघी वाचल्या. सगळे म्हणाले, "शुक्र करा, जच्चा-बच्चा सलामत!" शुक्र केलाच. पण ती कित्येक महिने झोपेतून दचकून उठायची आणि मी तो रस्ता टाळायचो. बोललो तर नाशुक्री होईल, असं दोघांनाही वाटायचं.

पण सूरह मरियममध्ये प्रसूतीच्या वेदनेत बीबी मरियम मरणाची इच्छा बोलून दाखवतात. त्यावर त्यांना दटावलं जात नाही. धीर दिला जातो, पाणी आणि खजूर मिळतात. मग आपण कशाला दटावतो?

म्हणून मला ऑनलाइन गटोपचार आपल्या भागासाठी योग्य वाटतो. सात-आठ आईबाप, एक प्रशिक्षित समुपदेशक, आठवड्यातून एक तास, मोबाइलवर. मुंब्रा-कौशातून तान्हं बाळ घेऊन लोकलच्या गर्दीत शिरायला नको. समोरची अनोळखी बाई आपल्याच मनातलं बोलली की लाज निम्मी होते. बापांनाही तिथं जागा हवी.

अडचण इंटरनेटची कमी, घराची जास्त आहे. एका खोलीत सासू, दीर, मुलं असताना ती बोलणार कशी? तेव्हा घरच्यांनी तिला तासभर बंद दार द्यावं आणि बाळ आपल्याकडे घ्यावं.

गट हा सगळ्यावर इलाज नाही. जीव द्यावासा वाटणं, बाळाला इजा करण्याचे विचार येणं, अशा वेळी गटाची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे न्यावं. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे, मराठीतही.

बायकोला तो प्रश्न विचारायला मला अठरा वर्षं लागली. ती तासभर बोलत होती. तुम्ही इतका उशीर करू नका.