वाढताना खाली उतरणं

बुलढाण्याजवळ देऊळघाटला पैनगंगा भेटते तेव्हा ती अजून लहान असते. पुढे ती जितकी वाढते, तितकी सखल भागात उतरत जाते. श्रद्धेत वाढणाऱ्या माणसाचं अनेकदा उलटं होतं. पवित्र शास्त्रातली वचनं पाठ झाली, मंडळीत प्रार्थना चालवायला मिळाली, की नवख्या भावाचं अडखळणं कानाला टोचू लागतं. मलाही ते टोचलं आहे, आणि त्याची लाज वाटते.

अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मान्य केलं, की तेव्हा ख्रिस्ती धर्म हाती आला होता, खुद्द ख्रिस्त अजून भेटायचा होता. एवढ्या मानाच्या बाईनं हे उघडपणे लिहावं, हे मला त्यांच्या दोन्ही पदव्यांहून मोठं वाटतं.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबलचं भाषांतर हाती घेतलं. संस्कृत तर लहानपणापासून जिभेवर. पण शब्द निवडले ते साध्या, थोडंच शिकलेल्या बायकांना कळतील असे. छपाईचं कामही तिथल्याच बायका-मुलींनी केलं. १९२२ मध्ये देह ठेवला, तोवर त्या या कामात होत्या.

हा अंक हाती घ्याल, तेव्हा शेजारच्या बाकावर अक्षर लावत शास्त्र वाचणाऱ्या बहिणीलाही सोबत बसवा. आधी तिला वाचू द्या.