फेरीबोट आणि पक्ष्यांचीं छायाचित्रें

थंडी पडूं लागली म्हणजे शाळेंत सहलीची कुजबुज सुरू होते, आणि हल्लीं शिदोरीबरोबर कॅमेरा किंवा मोबाइल हाही आलाच. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील मुलांस पक्षी पाहण्यासाठीं फार दूर जावयास नको. शेवगांव-नेवाशाकडे गोदावरीवरील नाथसागर आहे. त्यास १९८६ सालीं पक्षी-अभयारण्य ठरविण्यांत आलें. दक्षिणेस कर्जत तालुक्याच्या कडेला भीमेवरील उजनी धरणाचा फुगवटा आहे. तेथें हिवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात.

कांहीं वर्षांमागें या फुगवट्यावर मुलांस घेऊन आम्हीं एक होडी भाड्यानें केली. थवा उथळ पाण्यांत चरत होता. "आणखी थोडी जवळ घ्या," असें नावाड्यास आम्हींच सांगितलें. "सर, आतां उठतील ते," तो म्हणाला. आम्हीं पुन्हां आग्रह केला. थवा उठला तो दिसेनासा झाला. आमच्या हातीं लागलें तें पाठमोऱ्या पांखरांचें एक अंधुक चित्र. रोहित पक्षी चोंच उलटी धरून पाणी व चिखल गाळतो आणि त्यांतील सूक्ष्म जीव टिपतो. हें काम संथपणें, दीर्घकाळ चालावयाचें. उडावयाचें झाल्यास त्यास आधीं पाण्यावरून कांहीं पावलें धांवावें लागतें. म्हणजे आमच्या एका चित्रासाठीं साऱ्या थव्याचें जेवण मोडलें. आणि त्या दिवशीं पाण्यावर आमची होडी कांहीं एकटीच नव्हती.

पुढें गोव्यास जाण्याचा योग आला, तेव्हां याहून बरी रीत एका अगदीं साध्या वाहनांत आम्हांस दिसली. रायबंदरहून मांडवी ओलांडून चोडण बेटास फेरीबोट जाते. तिचा तळ सपाट. पुढची लोखंडी फळी उतरली कीं मोटारी, फटफट्या व माणसें एकदमच आंत शिरतात. बेटाच्या पश्चिम टोकास खारफुटीच्या रानांत डॉ. सलीम अली यांच्या नांवाचें पक्षी-अभयारण्य आहे. त्याचें क्षेत्र दोन चौरस किलोमीटरांहूनही कमी. पलीकडे पोंचावयास कांहीं मिनिटेंच लागतात. तेवढ्यांत ब्राह्मणी घार पाण्याकडे झेपावतांना आम्हीं पाहिली, आणि धक्क्याजवळच्या खांबावरील बगळा तर बोट लागली तरी हलला नाहीं.

फेरीबोट ठरलेल्या वाटेनें जाते व त्याच वाटेनें परत येते. ती कोणाच्या मागें लागत नाहीं. चालकास "जरा जवळ घ्या" म्हणण्याची तेथें सोयच नाहीं! रोज तेंच पाहणारें पांखरूं तिला भिण्याचें हळूहळू सोडून देतें. छायाचित्रें घेणाऱ्यानें मात्र कठड्यावर कोपर टेकूं नये. इंजिनाची थरथर लोखंडांतून हातांत येते व चित्र हलतें. पाय किंचित फांकवून उभें राहावें, उडत्या पक्ष्यासाठीं शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका ठेवावा, सकाळची बोट धरावी, ऊन पाठीशीं घ्यावें. आणि मोटारींतून खालीं उतरावें. ही सूचना मुलांपेक्षां पालकांस अधिक आहे. कांचा लावून आंतच बसलेलीं कुटुंबें आम्हीं तेथें पुष्कळ पाहिलीं.

अशा चित्रांत पक्षी लहान दिसतो, अशी तक्रार होईल. होऊं द्या. पक्षी, खारफुटी, पाणी व पलीकडचा धक्का एका चौकटींत आले तर तो पक्षी कोठें राहतो हें तरी कळतें. नुसतें चोंच-डोळ्यांचें मोठें चित्र बाजारांतल्या दिनदर्शिकेवरही मिळतें.

नाथसागरावर किंवा उजनीवर मुलांस घेऊन जातांना होडी भाड्याचीच घ्यावी लागणार. तेव्हां होडींत पाऊल टाकण्यापूर्वींच, थव्यापासून किती अंतरावर थांबावयाचें तें नावाड्याशीं ठरवावें, आणि जवळ नेल्याबद्दल त्यास वरचे पैसे मुळींच देऊं नयेत. हीच गोष्ट पालकांनींही आपल्या घरच्या सहलींत पाळावी, अशी आमची विनंती आहे. या हिवाळ्यांत "आणखी थोडी जवळ" हे शब्द पुन्हां आमच्याच तोंडून निघाले, तर मुलांनीं आम्हांस तेथल्या तेथें टोकावें. त्याबद्दल कोणावर रागावणार नाहीं, हें येथें लिहूनच देतों.