अभिजात दर्जा मिळाला, पण पालीसाठी कोण बोलणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतही होत्या. मराठीचा जल्लोष झाला, पालीचे नावही फारसे निघाले नाही.

पुढच्या वर्षी पहिलीपासूनच्या हिंदीला महाराष्ट्राने विरोध केला आणि २९ जून २०२५ रोजी सरकारला दोन्ही शासन निर्णय रद्द करावे लागले. हा लढा आमचाही होता, कारण मराठी आमची मायबोली आहे. हिंजवडीच्या आयटी पार्कात मराठी पाट्या हव्यात, ही मागणीही रास्तच आहे. पण भाषेची अस्मिता पाटीपुरती नसते.

हिंजवडीपासून जवळच असलेल्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धम्म मुळातून समजावा म्हणून त्यांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. निवडणुकीत निळा झेंडा, धम्मचक्र आणि ‘जय भीम’ सर्वांनाच हवे असतात. त्यामागची भाषा मात्र कोणाच्याच जाहीरनाम्यात ठळकपणे दिसत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार राज्यात सुमारे ६५ लाख बौद्ध आहेत. संविधानाचे कलम २९ आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क देते. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ मध्ये वैकल्पिक विषयांतून पाली वगळली. ती परत आणणार का? शाळा-महाविद्यालयांत पालीचे शिक्षक नेमणार का?

दारी येणाऱ्या उमेदवाराला जय भीम जरूर म्हणू या. मग हे दोन प्रश्न विचारू या.